चौसष्टाव्या वर्षी गोल्फ सुधारायचा आहे: सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा: वय ६४, पन्नाशीत खेळ सुरू केला, आता निवृत्त. हँडिकॅप इंडेक्स (खेळाची पातळी सांगणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) २२. आठवड्याला दोन फेऱ्या, तीनदा रेंजवर (सरावाच्या मैदानावर) शंभर-शंभर चेंडू आणि रोज रात्री स्विंगचे व्हिडिओ. तरीही दोन वर्षांत इंडेक्स जागचा हललेला नाही. उलट ड्राइव्ह (होलचा पहिला, लांब फटका) पंधरा-वीस यार्डांनी कमी होऊन १९० वर आली आहे आणि खेळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाठ धरते. १५ पर्यंत उतरायचं आहे. त्यासाठी स्विंग मुळापासून नव्याने शिकावा का, गेलेलं अंतर परत येईल का, सराव कसा करावा आणि नवा ड्रायव्हर (ड्राइव्ह मारायचा क्लब) घ्यावा का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. स्विंग मुळापासून बदलू नका. मी तीस वर्षांहून अधिक काळ शिकवतो आहे आणि माझ्याकडे येणारे बहुतेक जण पंचावन्नच्या पुढचे असतात. साठीनंतर ज्यांनी सगळा स्विंग उसवून पुन्हा विणायला घेतला, त्यांच्यातले फार थोडे दोन वर्षांनी आधीपेक्षा बरं खेळत होते. उरलेले मधेच अडकले, कारण जुनं मोडलं होतं आणि नवं अंगवळणी पडलं नव्हतं. सुधारले ते, ज्यांनी आहे त्याच स्विंगमधला वाईट फटका स्वस्त करून घेतला. २२ च्या खेळाडूचे उत्तम फटके आणि १५ च्या खेळाडूचे उत्तम फटके शेजारी ठेवले तर फारसा फरक दिसत नाही. वाईट फटके शेजारी ठेवा, लगेच दिसेल. १५ चा खेळाडू चुकतो तेव्हा चेंडू रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात असतो. २२ चा चुकतो तेव्हा चेंडू पाण्यात असतो, हद्दीबाहेर असतो किंवा वीस यार्ड पुढे गवतात असतो.

म्हणून पुढच्या पाच फेऱ्यांत खेळात काहीही बदलू नका, फक्त मोजा. स्कोअरकार्डाच्या मागे चार रकाने आखा. पहिल्यात दंडाचे फटके: पाणी, हद्दीबाहेर, हरवलेला चेंडू. दुसऱ्यात फुकट गेलेले फटके, म्हणजे डोक्यावर लागून सरपटलेला, मागे जमिनीत घुसलेला, झाडांतून बाहेरच न आलेला. तिसऱ्यात तीस यार्डांच्या आतून मारूनही ग्रीनवर (होलभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवतावर) न पोहोचलेले किंवा ग्रीन ओलांडून पलीकडे गेलेले. बंकरमध्येच (वाळूच्या खड्ड्यातच) राहिलेला फटकाही इथेच लिहा. चौथ्यात तीन पट (ग्रीनवर होलकडे घरंगळवलेले फटके) लागलेली ग्रीन्स. एवढंच. फेअरवे (होलचा मधला कापलेला पट्टा) किती मिळाले, ग्रीन्स किती गाठली, हे आत्ता नको. तुमच्या पातळीवर या चार रकान्यांची बेरीज एका फेरीत बहुतेकदा दोन आकडी निघते. तुम्हाला हवे आहेत सात फटके. ते तिथेच पडलेले आहेत.

मोजायला सांगण्याचं आणखी एक कारण आहे. २०२० साली जगभर एकच हँडिकॅप पद्धत लागू झाली. तिच्यात शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वोत्तम ८ फेऱ्यांच्या डिफरन्शियलची (कोर्स किती कठीण ते धरून काढलेल्या गुणांची) सरासरी म्हणजे तुमचा इंडेक्स. बाकीच्या बारा फेऱ्या त्यात दिसतच नाहीत. तुमच्या खराब फेऱ्या १०४ वरून ९८ वर आल्या, तरी इंडेक्स कदाचित तसूभरही हलणार नाही आणि तुम्हाला वाटेल की मेहनत वाया गेली. शिवाय प्रत्येक होलवर नोंदीसाठी नेट डबल बोगीची मर्यादा असते, म्हणजे पार (त्या होलसाठी ठरलेले फटके), अधिक दोन, अधिक त्या होलला मिळणारे सवलतीचे फटके. तुमचा कोर्स हँडिकॅप (त्या कोर्सवर मिळणारे एकूण सवलतीचे फटके) २२ असेल तर प्रत्येक होलला एक आणि सगळ्यांत कठीण चार होलना दोन फटके मिळतात. म्हणजे साध्या पार ४ वर तुम्ही नऊ मारले तरी नोंद सातचीच होते. हँडिकॅपसाठी हे योग्यच आहे. पण आपण कुठे रक्तबंबाळ होतो हे पाहायचं असेल, तर ते नऊ स्वतःच्या वहीत नऊच लिहायला हवेत.

आता टीकडे, म्हणजे होल जिथून सुरू होतो त्या जागेकडे येऊ. ‘ड्राइव्ह दिखाव्यासाठी, पट कमाईसाठी’ असं ऐकत आपण सगळे मोठे झालो. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी लाखो फटक्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा चित्र वेगळं निघालं. चांगला खेळाडू आणि कमी चांगला खेळाडू यांच्या गुणांतला सुमारे दोन तृतीयांश फरक १०० यार्डांच्या बाहेरच्या फटक्यांतून येतो. पीजीए टूर (अमेरिकेतली व्यावसायिक स्पर्धांची मालिका) २०११ पासून पटिंगचं मोजमाप करते ते याच विचारातून आलेल्या ‘स्ट्रोक्स गेन्ड’ पद्धतीने, म्हणजे सरासरीच्या तुलनेत किती फटके वाचले ते मोजून. यावरून ड्रायव्हर जोरात मारायला लागा, असा अर्थ मात्र काढू नका. तुमच्यासाठी अर्थ एवढाच की टीवरून चेंडू खेळात राहिला पाहिजे आणि दुसरा फटका जमिनीवरून स्वच्छ निघाला पाहिजे. ज्या होलवर एका बाजूला पाणी किंवा हद्द आहे, तिथे सगळी अक्कल एका गोष्टीत लावा: तुमचा नेहमीचा चुकीचा फटका कुठे वळतो? उजवीकडे वळत असेल आणि संकट उजवीकडे असेल, तर टी बॉक्सच्या उजव्या कडेला चेंडू ठेवा आणि डाव्या रफच्या आतल्या कडेवर नेम धरा. फेअरवेच्या मधोमध नेम धरलात तर वळणारा चेंडू बरोबर पाण्याकडेच जाणार. ड्रायव्हरऐवजी हायब्रिड (आयर्न आणि वूड यांच्या मधला क्लब) घेऊन वीस यार्ड सोडण्यापेक्षा नेम बदलणं बहुतेक वेळा जास्त फायद्याचं असतं. अरुंद गळ्यासारखा होल असेल तर मात्र हायब्रिड घ्या आणि मनात कसलीही खंत ठेवू नका.

पुढच्या, म्हणजे ग्रीनच्या जवळच्या टीवर या. तुम्ही हे विचारलं नव्हतं, पण या सबंध उत्तरातला सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत सोपा बदल हाच आहे. तुम्ही १९० यार्ड मारता. ४०० यार्डांच्या पार ४ वर तुमच्यापुढे २१० उरतात. तो फटका तुमच्याकडे नाही. मग तुम्ही वूड हा लांब अंतराचा क्लब काढता, अंगातला सगळा जोर लावता आणि तिथेच दुसऱ्या रकान्यातली रेघ ओढली जाते. अमेरिकेत यूएसजीए आणि पीजीए ऑफ अमेरिका या गोल्फ संघटनांनी २०११ मध्ये याच कारणासाठी पुढच्या टीवरून खेळण्याची मोहीम काढली होती. त्यांच्या कोष्टकात सरासरी २०० यार्ड ड्राइव्ह असणाऱ्याला ५२०० ते ५४०० यार्डांचा कोर्स सुचवला आहे आणि १७५ यार्डवाल्याला ४४०० ते ४६००. तुम्ही या दोहोंच्या मधे बसता. आणि इथे सरासरी म्हणजे उतारावर, पाठीमागून वारा असताना लागलेली ती एक ड्राइव्ह नव्हे.

पुढच्या टीवर जाताना बहुतेकांना कमीपणा वाटतो, हे मला ठाऊक आहे. माझ्या एका शिष्याला मी हे दोन वर्षं सांगत होतो. शेवटी पाठीच्या दुखण्यामुळे त्याला पुढे यावं लागलं. त्या दिवशी पार ४ च्या ग्रीनवर दुसऱ्या फटक्यात ७ नंबर आयर्नने चेंडू उतरवल्यावर तो मला म्हणाला, ‘सर, असा खेळ असतो हे मी विसरलोच होतो.’ हँडिकॅपचीही काळजी नको. प्रत्येक टीचं स्वतःचं कोर्स रेटिंग आणि स्लोप (ते किती कठीण हे सांगणारे आकडे) असतं, त्यामुळे पुढून खेळल्याने इंडेक्स फुकटात उतरत नाही. उतरलाच तर तो तुम्ही खरंच चांगलं खेळल्यामुळे.

अंतराचं आणि पाठीचं उत्तर एकत्रच द्यावं लागेल, कारण दोन्हींचं मूळ एक आहे. वय वाढतं तसे स्नायूंतले वेगाने आकसणारे तंतू आधी कमी होतात आणि छातीच्या पातळीवरचा कणा व खुब्याचे सांधे वळायला कुरकुरतात. शरीर वरच्या भागात वळलं नाही की ते वळण कंबरेच्या मणक्यांवर ढकललं जातं. त्या मणक्यांची रचना पिळण्यासाठी नाही. हौशी गोल्फरांच्या दुखापतींत कंबर सगळ्यांत वर असते ती त्यामुळेच. आणि तुम्ही रात्री जे व्हिडिओ पाहता त्यांतला विशी-पंचविशीतला मुलगा सांगत असतो की कंबर स्थिर ठेवा, खांदे पूर्ण नव्वद अंश वळवा आणि दोहोंमधला ताण साठवा. त्याच्यासाठी ते बरोबर आहे. तुमच्या पाठीसाठी तो विषाचा घोट आहे.

तुम्ही उलट करा. बॅकस्विंगमध्ये कंबर मोकळी वळू द्या. तुम्ही उजव्या हाताने खेळत असाल तर डावी टाच जमिनीवरून उचलू द्या. महान गोल्फर जॅक निक्लॉस आयुष्यभर तसेच खेळले. उभं राहतानाच उजवं पाऊल थोडं बाहेर वळवलंत तर मागे वळायला जागा मिळते, आणि डावं पाऊलही बाहेर वळवलंत तर फटक्यानंतर पूर्ण वळून उभं राहता येतं, गुडघ्यालाही आराम पडतो. शेवटी शरीर मागे कमानीसारखं वाकवून थांबू नका, सरळ उभे राहा, छाती लक्ष्याकडे. हे बदल उभं राहण्याच्या आणि शरीराला मोकळं वळू देण्याच्या पातळीवरचे आहेत. असे बदल कोणत्याही वयात पचतात. माझ्या मते साठीनंतर स्विंगमध्ये हात घालायचा तो चेंडू मारण्यापूर्वी ज्या गोष्टी करता येतात त्यांतच: पकड, पावलं, चेंडूची जागा, नेम. क्लब एकदा हलू लागला की मग काय घडतं, ते त्यातून आपोआप बरंच सुधारतं.

पकडीचं उदाहरण देतो. तुमचा चेंडू उजवीकडे वळत असेल (तुम्ही लिहिलेलं नाही, पण या वयात बहुतेकांचा वळतो), तर त्याचं कारण आघाताच्या क्षणी क्लबचं तोंड स्विंगच्या वाटेच्या मानाने उघडं राहतं. चेंडू सुटतो कुठे, हे मुख्यतः तोंड ठरवतं. वळतो किती, हे तोंड आणि वाट यांच्यातला कोन ठरवतो. मनगटं आणि धड मंदावली की तोंड वेळेत बंद होत नाही. दोन्ही हात पकडीवर किंचित उजवीकडे फिरवा, इतके की वरून पाहताना डाव्या हाताची अडीच-तीन बोटांची मुळं दिसावीत. दोन आठवडे विचित्र वाटेल. चेंडू डावीकडेही सुटतील. सोडू नका. उजवीकडे वळणारा चेंडू उंच चढून धपकन थांबतो, सरळ किंवा किंचित डावीकडे वळणारा पडल्यावर पळतो. तुमच्या हरवलेल्या वीस यार्डांतले काही इथेच सापडतील आणि त्यासाठी अंगाचा एक स्नायूही ताणावा लागणार नाही.

उरलेलं अंतर वेगातून येतं. क्लबहेडचा वेग ताशी एक मैलाने वाढला की ड्राइव्ह साधारण अडीच यार्डांनी वाढते. साठीनंतर ताशी तीन-चार मैल परत मिळवणारे लोक मी डोळ्यांनी पाहिले आहेत, पण रेंजवर जोर लावून नव्हे. त्यांनी आठवड्यातून दोनदा वजनांचा व्यायाम केला: खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं, मग तेच हातात वजन घेऊन, पायरी चढणं, कंबरेतून वाकून वजन उचलणं, तेही आधी कुणाकडून नीट शिकून घेऊन, रबरी पट्टा ओढणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनातही ६५ वरच्यांना स्नायूंचा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस आणि तोल व ताकद यांवर भर देणारा व्यायाम किमान तीन दिवस सांगितला आहे. गोल्फरने दात घासताना एका पायावर उभं राहावं, तोलासाठी ही फार स्वस्त सवय आहे. यात भर म्हणून आठवड्यातून दोनदा, अंग गरम झाल्यावर, क्लब उलटा धरून दहा वेळा जमेल तितक्या वेगाने फिरवा. प्रत्येक वेळी दम खाऊन. हवा कापल्याचा आवाज पायांच्या पुढे, चेंडूच्या पलीकडे आला पाहिजे. दहा म्हणजे दहाच. पायात मुंग्या, बधिरपणा किंवा कळ उतरत असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा.

आता पटिंग. अमेरिकी गोल्फर टॉम वॉटसन २००९ मध्ये टर्नबेरीला ओपन चॅम्पियनशिप खेळले तेव्हा ५९ वर्षांचे होते आणि खुब्याचा सांधा बदलून जेमतेम नऊ महिने झाले होते. चार दिवस त्यांनी जगातल्या सर्वोत्तम तरुणांना तोडीस तोड झुंज दिली. शेवटच्या होलवर त्यांना जिंकायला पार पुरेसा होता. त्यांचा दुसरा फटका ग्रीनच्या मागे गेला, बाहेरून मारलेला पट आठ फूट पुढे गेला आणि तो आठ फुटांचा पट हुकला. प्लेऑफमध्ये स्टुअर्ट सिंक जिंकले. लोक अजून म्हणतात, त्यांनी पट चुकवला. पण पीजीए टूरचे खेळाडू आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात. तो नाणं उडवण्यासारखा पट होता. खरी किंमत त्याआधीच्या फटक्याने लावली होती, ज्याने आठ फूट शिल्लक ठेवले.

हे मी तुमच्यासाठी सांगतो आहे. वीस फुटांवरून टूरवरचा खेळाडू सुमारे सातातून एकदा पट घालतो. ३३ फुटांवरून त्यांना सरासरी दोन पट लागतात, म्हणजे जितक्या वेळा ते एकात घालतात साधारण तितक्याच वेळा त्यांचेही तीन होतात. तेव्हा तीस फुटांवरून तुम्ही घालण्यासाठी झटू नका. तुमचं काम एकच, दुसरा पट तीन फुटांच्या आत आणणं. सरावाच्या ग्रीनवर वेगवेगळ्या अंतरांवरून, प्रत्येक जागेवरून एकच चेंडू मारा आणि तो होलजवळ कुठे थांबला ते पाहण्याआधी मनात सांगा, ‘कमी’, ‘जास्त’ किंवा ‘बरोबर’. हातातली जाणीव आणि डोळ्यांना दिसणारं यांची सांगड अशीच बसते. मग तीन फुटांवरून होलभोवती घड्याळाच्या काट्यांसारखे बारा चेंडू ठेवून ओळीने घाला. एखादा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. मी स्वतः आजही आठवड्यातून तीनदा हे करतो.

चष्म्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. तुमचा चष्मा बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह असेल तर चेंडूकडे खाली पाहताना तुम्ही वाचनाच्या भागातून पाहता. डोळ्यापासून चेंडू चार-पाच फुटांवर असतो, वाचनाची काच त्या अंतरासाठी नसते. चेंडू धूसर होतो, सरकल्यासारखा वाटतो, मग माणूस नकळत हनुवटी छातीला टेकवतो आणि खांद्यांचं वळणच अडतं. गोल्फसाठी एकाच नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या. माझ्याकडच्या कितीतरी जणांचं चिपिंग (ग्रीनजवळून मारायचे छोटे फटके) आणि पटिंग कुठल्याही शिकवणीविना एवढ्यानेच सुधारलं.

आणि छोट्या पटवर हात थरथरत असेल, झटका बसत असेल, तर स्वतःला दूषण न देता पकड बदला. डावा हात खाली घ्या, किंवा उजव्या हाताची बोटं चिमटीसारखी धरा, किंवा लांब पटर वापरा. जर्मन गोल्फर बर्नहार्ड लँगर यांना कारकिर्दीत या झटक्यांनी पुन्हापुन्हा गाठलं आणि दर वेळी ते नवी पद्धत शोधून परत उभे राहिले. २०२३ मध्ये, वयाच्या ६५ व्या वर्षी, त्यांनी यूएस सीनियर ओपन जिंकली.

ग्रीनभोवतीचा खेळ हा तुमचा सगळ्यांत मोठा ठेवा आहे, कारण इथे वय आड येत नाही. इथे माझा एकच क्रम आहे. पटर चालत असेल तर पटर. ग्रीनबाहेर पाच-सहा यार्ड, गवत बारीक, मधे काही नाही, तर पटरच. तुमचा सगळ्यांत वाईट पट तुमच्या सरासरी चिपइतका तरी जवळ थांबतो. पटर चालत नसेल तर चेंडू ग्रीनवर लवकरात लवकर टेकवून पळू देणारा क्लब. त्यासाठी एक जुना आडाखा आहे: बारातून क्लबचा नंबर वजा करा, जे उरेल तितके भाग चेंडू घरंगळतो, हवेतल्या एका भागाला. ८ नंबरने एक भाग हवेत, चार जमिनीवर. पिचिंग वेजला दहा धरा, म्हणजे एकास दोन. सपाट, मध्यम वेगाच्या ग्रीनसाठी हा हिशेब पुरेसा आहे; चढाला-उताराला तो सैल करा. स्विंग सगळ्यांना एकच: पटसारखा, वजन डाव्या पायावर, मनगटं शांत. उंच उडवणारा फटका फक्त मधे बंकर असेल आणि दुसरा मार्गच नसेल तेव्हा. आणि तेव्हाही झेंड्याकडे नव्हे, ग्रीनच्या भरपूर जागा असलेल्या भागाकडे.

बंकरमध्ये एकच ध्येय, एका फटक्यात बाहेर. तोंड उघडं, चेंडूच्या दोन इंच मागे वाळू, आणि क्लब वाळूत न थांबवता पुढे पूर्ण न्यायचा. समोरची भिंत उंच असेल तर बाजूने किंवा मागे काढा.

ग्रीनवर येणाऱ्या फटक्यांत माझं म्हणणं छोटं आहे. झेंडा विसरा. ग्रीनचा मध्य धरा आणि एक क्लब जास्त घ्या. हौशी खेळाडूंचे चेंडू प्रामुख्याने कमी पडतात, कारण आपण ७ नंबर घेतो तो आयुष्यातल्या सर्वोत्तम ७ नंबरच्या भरवशावर. अंतर मोजणारं यंत्र असेल तर ग्रीनच्या मागच्या कडेचं अंतर पाहा आणि विचारा: माझा अगदी नीट लागलेला ७ नंबर तिथून पुढे जाईल का? नाही ना? मग ६ घ्या आणि सावकाश मारा.

आता सराव. सध्याचे तीनशे चेंडू तुमच्या पाठीला त्रास देतात आणि खेळाला जवळपास काही देत नाहीत. एकाच क्लबने, एकाच लक्ष्यावर, ओळीने तीस चेंडू मारले की विसाव्या चेंडूपासून सगळं जमू लागतं आणि आपल्याला वाटतं, शिकलो. कोर्सवर मात्र प्रत्येक फटका पहिलाच असतो. १९७९ मध्ये शे आणि मॉर्गन या संशोधकांनी हे प्रयोगातून दाखवलं. हालचालींचा सराव उलटसुलट क्रमाने करणाऱ्यांची सरावात कामगिरी खराब होती, पण नंतर घेतलेल्या चाचणीत तेच पुढे होते. तेव्हा रेंजवर दोनदाच जा, पन्नास चेंडू, त्यापेक्षा एकही जास्त नको. पहिले दहा गरम होण्यासाठी. नंतर तुमच्या कोर्सचा पहिला होल डोळ्यांपुढे आणा: ड्रायव्हर, मग जितकं अंतर उरलं असतं त्याचा क्लब, मग वेज. प्रत्येक फटक्याआधी मागे उभे राहा, लक्ष्य निवडा, पाऊल ठेवा, मारा. असे बारा-तेरा होल खेळून झाले की निघा. तिसरा दिवस सगळा ग्रीनभोवती घालवा. थकल्यावर मारलेला चेंडू फक्त चूक पक्की करतो, आणि आपल्या वयात थकवा कळण्याआधीच स्विंग लहान झालेला असतो.

मारताना मनात एकच विचार असू द्या, आणि तो शरीराबाहेरचा. गॅब्रिएले वुल्फ यांनी या विषयावर अनेक वर्षं संशोधन केलं आहे. कोपर कुठे आहे, मनगट कसं वळतंय, यापेक्षा क्लब कसा फिरतो, चेंडू कुठून सुटतो याकडे लक्ष ठेवणारे जास्त चांगलं आणि लवकर शिकतात. मी शिष्यांना सांगतो, ‘चेंडूच्या पुढचं गवत कापा’, ‘चेंडू त्या झाडाच्या डाव्या फांदीखालून काढा’. व्हिडिओ बंद करा म्हणणार नाही, पण महिन्याला एक पाहा आणि त्यातलं एकच वाक्य घ्या. त्याऐवजी तीन-चार आठवड्यांनी एखाद्या प्रशिक्षकाकडे अर्धा तास जा. तुमची पाठ, तुमचे गुडघे पाहून जो सांगतो, त्याचं ऐका. जो पहिल्याच दिवशी सगळं बदलायला सांगतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

किती वेळ लागेल? पुढच्या टी, नेम, चष्मा आणि ग्रीनभोवतीचा क्रम एवढ्याने तीन-चार महिन्यांत वहीतली सरासरी उतरलेली दिसायला हवी. इंडेक्स तिच्यामागून हळूहळू येईल, कारण वीस फेऱ्यांची जुनी यादी गळून पडायला वेळ लागतो. १९-१८ पर्यंतचा रस्ता मला सरळ दिसतो. १८ ते १५ हा अवघड टप्पा आहे. तिथे जमिनीवरून १५० यार्डांवरचा फटका स्वच्छ निघू लागावा लागतो. तोवर तुमचे रकाने आटलेले असतील आणि पुढे काय करायचं ते तुमची वहीच सांगेल.

राहता राहिला ड्रायव्हर. आत्ता नको. आधी पिशवी उघडा आणि ३, ४ व शक्यतो ५ नंबरची आयर्न काढून टाका. तुमच्या वेगाला ती चेंडू उंच चढवू शकत नाहीत. त्यांच्या जागी दोन हायब्रिड आणि एक ७ नंबर वूड घ्या, चौदाच्या मर्यादेत हे सहज बसतं. बोटांचे सांधे दुखत असतील तर जाड ग्रिप लावून घ्या. हलकी शाफ्ट (क्लबची दांडी) हवी का, हे फिटिंग करणाऱ्याला तुमचा वेग मोजून ठरवू द्या. नवी पकड अंगवळणी पडून तीन महिने झाले की मगच ड्रायव्हरच्या फिटिंगला जा. तिथे जास्त लॉफ्टचा (जास्त तिरक्या तोंडाचा), अगदी १२ अंशांचाही, मारून पाहा. मंद स्विंगला चेंडू हवेत टिकवायला लॉफ्टच मदत करतो. जुन्यापेक्षा दहा चेंडूंची सरासरी, एका सर्वोत्तम चेंडूची नव्हे, लांब असेल आणि चेंडू एकमेकांजवळ पडत असतील, तर घ्या.